मीठ वितळेपर्यंत

४ ऑगस्ट

आज ईशान सरांनी मला क्लासमधून काढलं. काढलं असं ते म्हणाले नाहीत. "मॅडम, तुम्ही जरा विश्रांती घ्या," म्हणाले आणि माझ्या कपाटाची किल्ली मागितली. विश्रांतीला किल्ली परत द्यावी लागत नाही, एवढं मला कळतं.

झालं ते असं. रविवारी पालकांसाठी नमुना तास होता. हॉल गच्च. मी आयनिक बंध घेतला, कारण तो मी आठ वर्षं शिकवतेय आणि झोपेतही शिकवू शकते. दुपारच्या बॅचला तसाच शिकवलाही आहे. सोडियम आपला शेवटचा इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो, एक धन होतो, दुसरा ऋण, आणि मग दोघं एकमेकांना घट्ट ओढून धरतात. झालं मीठ. पुढे गुणधर्म: ठोकलं की फुटतं, पाण्यात विरघळतं, वितळायला प्रचंड उष्णता लागते. कोरडं असताना वीज वाहून नेत नाही, पण विरघळलं किंवा वितळलं की नेतं.

तेवढ्यात अपेक्षा उभी राहिली. तेल्हाऱ्याकडच्या हिवरखेडची, इथे खोली करून राहते. आवाज असा की माईकची गरज नाही. "मॅडम, वितळेलं मीठ तुमी पायलं काय कधी?"

मी म्हणाले, "नाही. ते कसं दिसतं मला माहीत नाही. पुस्तकात आहे म्हणून शिकवते."

हॉल हसला. कुणीतरी मोबाईलवर घेतलं. संध्याकाळपर्यंत 'मॅडमलेच मायीत नाई' या नावाने ते परतवाड्याच्या मावशीपर्यंत पोचलं होतं. मावशीने फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना.

ईशान सरांचं म्हणणं एकच. "हो पाहिलंय, एवढंच म्हणायचं होतं. कोण तपासायला येतंय?"

७ ऑगस्ट

दोन दिवस झोपून काढले. बाबा ताट दाराशी ठेवून जात. हरिहर गुरुजी म्हणून अर्धी अमरावती त्यांच्या पाया पडते, आणि त्यांची लेक मोबाईलमोबाईलवर 'मला माहीत नाही' म्हणत फिरतेय. लाज वाटत असणार. आज सकाळी पूजेला निघताना फक्त म्हणाले, "ती पुढची खोली रिकामीच असते ना गं."

मी म्हटलं, "हो, का?"

"काही नाही," म्हणाले आणि गेले.

दुपारी मला एकाएकी सुचलं की पुढच्या खोलीत आपण स्वतःचा क्लास काढावा. सुचणं कुठून येतं कोण जाणे.

१६ ऑगस्ट

क्लास सुरू. मुलं पाच. पहिली अपेक्षाच आली, ईशान सरांचा क्लास सोडून. मी विचारलं, का? म्हणाली, "तठी सर समदंच पायेलं सांगतात. मले पटत नाई." तिच्या मागे तिच्या खोलीवरच्या दोघी आल्या. बाकी दोघं माझी पत्रकं वाचून आले. पत्रक चांगलं जमलं होतं. एका मुलाच्या आईने विचारलं, "गुरुजी घरी आहेत का? परवा सत्यनारायणाला आले होते आमच्याकडे." बाबांना सगळं गाव ओळखतं, त्यात नवल काय.

पहिल्याच दिवशी मुलांच्या डोक्यातून ईशान सरांचं लग्न काढावं लागलं. सर आयनिक बंध असा शिकवतात: सोडियम म्हणजे मुलीचा बाप, इलेक्ट्रॉन म्हणजे कन्यादान, क्लोरीन म्हणजे नवरदेव. मुलं हसतात, पालक टाळ्या वाजवतात, आणि सगळ्यांना वाटतं की मिठात एक सोडियम आणि एक क्लोरीन हात धरून संसार करतात. तसं काही नसतं. मिठाच्या खड्यात एका सोडियमभोवती सहा क्लोराइड, एका क्लोराइडभोवती सहा सोडियम, आणि हे असं चारी बाजूंनी, वरखाली, खड्याच्या टोकापर्यंत. कुणाचा जोडीदार कोण हे सांगताच येत नाही. असलं लग्न हरिहर गुरुजीसुद्धा लावणार नाहीत.

बाबा आत पोळ्या लाटत होते. लाटणं थांबल्याचं ऐकू आलं.

२ सप्टेंबर

आज सैंधवाचे मोठे खडे आणले आणि बाबांचा खलबत्ता. मुलांना म्हटलं, एकेक घाव घाला. खडा चुरत नाही, सपाट कापल्यासारखा फुटतो. का? घाव बसला की आतली एक ओळ सरकते, धनासमोर धन येतो, ऋणासमोर ऋण, आणि दोन्ही थर एकमेकांना ढकलून देतात. अपेक्षाने इतक्या जोरात घाव घातला की एक तुकडा देवघरात गेला.

"लोखंडाले ठोकलं तं वाकते, हे काहून वाकत नाई, ते समजलं आता," म्हणाली. मग म्हणाली, "फोडून पायलं. आता वितळून कधी पायाचं?"

ही मुलगी काही सोडत नाही.

गौरांग आला होता. ईशान सरांकडे भौतिकशास्त्र शिकवतो. येताना दह्यातला गिला वडा घेऊन आला. मुलं किती झाली, कुठला धडा चालू आहे, पुढे काय दाखवणार, एवढं विचारत होता. ईशान सरांनी पाठवलं असणार. गिला वडा मात्र चांगला होता, म्हणून मी मोजकी माहिती दिली.

१० सप्टेंबर

मीठ वितळवायचं ठरवलं. आठशे एक अंश सेल्सियस. हा आकडा मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिला की तो मला नातेवाईक वाटतो.

बाबा वलगावला एका शांतीला गेले होते. मी लोखंडी कढईत खडेमीठ घेतलं आणि गॅस मोठा केला. थोड्या वेळाने मिठाने तडतडायला सुरुवात केली, मग उडायला. खड्यांच्या पोटात अडकलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि खडा फुटतो, हे मला माहीत आहे. माहीत असणं आणि तोंडावर बसणं यात फरक आहे. ओट्यावर, खिडकीत, डाळीच्या डब्यांवर सगळीकडे मीठ. कढई काळी पडली, मीठ मात्र वितळलं नाही. घरच्या गॅसवर एवढ्या जाड कढईत तेवढी उष्णता पोचणारच नव्हती, हेही मला माहीत असायला हवं होतं.

बाबा आले, वरून डाळीचा डबा काढून आमटी केली, जेवले. आई गेल्यापासून स्वयंपाकघर त्यांचं. "आमटी खारट झाली का हो?" मी विचारलं. "नाही," म्हणाले. "केस खारट झालेत." शेंडीतून एक खडा काढून त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला.

२४ सप्टेंबर

आजचं लिहू की नको.

वितळत नाही तर विरघळलेलं तरी दाखवावं, असं ठरवलं. अपेक्षाने तिच्या आत्याच्या गावाहून विहिरीचं पाणी आणलं होतं. तेल्हाऱ्याच्या खालच्या पट्ट्यातलं, इतकं खारं की गुरंही तोंड फिरवतात. साध्या पाण्यात तारा बुडवल्या, छोटा दिवा जेमतेम लागला. त्या विहिरीच्या पाण्यात चांगला लागला. मुलं खूश. इथे मी थांबायला हवं होतं.

पण अंगात आलं होतं. बादलीत पाव किलो मीठ घातलं आणि तारांना कार्बनच्या कांड्या लावून त्या थेट इन्व्हर्टरच्या बॅटरीला जोडल्या. फसफस सुरू झाली. एका कांडीपाशी हायड्रोजन, दुसरीपाशी क्लोरीन. क्लोरीन सुटेल हे मी मुलांना सांगतच होते. खोलीच्या खिडक्या बंद होत्या, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

मधल्या खोलीत बाबांकडे एक कुटुंब मुलीची पत्रिका दाखवायला आलं होतं. आधी मुलीची आई खोकली. मग मुलीचे वडील. मग सगळे एकदम. बाहेर अंगणात आल्यावर त्या बाईंनी डोळे पुसत विचारलं, "गुरुजी, पत्रिकेत काही दोष आहे का हो?"

बाबा खोकत म्हणाले, "पत्रिकेत नाही."

कुणाला इजा झाली नाही. दारं उघडली, पोरांना गेटबाहेर काढलं, थोड्या वेळात वास गेला. पण शेजारच्यांनी आरडाओरड केली, आणि एका मुलाच्या वडिलांनी त्याला तिथल्या तिथे घरी नेलं. आता चार उरले. बादली अंगणात उपडी पडली आहे आणि मी इथे.

गौरांगला कसं कळलं कोण जाणे, पंधरा मिनिटांत स्कूटीवरून हजर. आधी सगळ्यांना विचारलं, बरं वाटतंय का. मग मला विचारलं. मग बादलीकडे बघून म्हणाला, "दिव्यापुरतंच दाखवायचं असेल तर बॅटरी नको. ट्रान्सफॉर्मर लावून एसी करंट द्यायचा, आणि थोडाच वेळ. सारखी दिशा बदलते, त्यामुळे एवढा वायू साठत नाही." वर म्हणाला, "उद्या माझा घेऊन येतो."

हेर म्हणून फारच तत्पर आहे.

३ ऑक्टोबर

अपेक्षाचे वडील खुशालराव हिवरखेडहून आले. उंच, खांद्यावर दुपट्टा. आले ते सरळ पुढच्या खोलीत बसले आणि फळ्याकडे बघत राहिले.

"मॅडम, आमच्या पोरीनं तुमाले प्रश्न इचारला आन् तुमची नोकरी गेली म्हन्ते. मले वाईट वाटलं."

मी म्हटलं, तिची काही चूक नाही.

"तिची चूक नाईच. तुमची हाय." त्यांनी दुपट्टा सारखा केला. "पोरगी म्हन्ते, मॅडम खोटं बोलत नाई. मी म्हनलं, खोटं नाई बोललं तं शिकवनं नीट होते काय? आता बादलीचं बी ऐकलं. पार्वताबाईचा जीव खालीवर होऊन राहिला घरी."

पार्वताबाई म्हणजे अपेक्षाची आई.

"दिवाईपर्यंत थांबतो. ते वितळेलं मीठ पोरीले दाखवा, दिवा लावून दाखवा, आन् कोनी खोकलू नका. नाई जमलं तं पोरगी परत सरकडे. मले इथं भांडाले याचं नाई पुन्हा."

अपेक्षा दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, मी नाई जाणार तठी."

"तुले कोन इचारलं?"

ती गेली तर तिच्या दोघी मैत्रिणीही जातील. मग एका मुलाला मी फळ्यावर एकटीने शिकवत बसेन. त्याहून वाईट म्हणजे, ही एकच मुलगी आहे जी मी सांगते ते खरं धरून न चालता तपासून बघते. अशा मुलीसमोर उभं राहायची भीती वाटते. आणि ती नसली तर कुणासमोर उभी राहणार, तेही कळत नाही.

८ ऑक्टोबर

ईशान सरांचा फोन. परत या म्हणाले. मी गेल्यापासून माझ्या बॅचना जे कुणी शिकवतात ते मुलांकडून टाळ्या घेऊ शकत नाहीत. एकच अट. मी एक छोटा व्हिडिओ करायचा: 'मला माहीत नाही' हे मी मुद्दाम म्हटलं होतं, मुलांची जिज्ञासा जागवायची ती आमच्या क्लासची खास पद्धत आहे. "लोक विसरतील, मॅडम. उलट वाहवा होईल."

खरं लिहायचं तर मोह झाला. स्वच्छ खोली, पंखा, फळा पुसायला माणूस. आणि क्लोरीनचा वास नाही. व्हिडिओत काय बोलायचं ते मी आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं. चांगलं जमत होतं. तेच वाईट वाटलं.

पितृपक्ष चालू आहे. बाबा दिवसाला तीन तीन श्राद्धं करून दमून येतात. जेवताना सगळं सांगितलं. त्यांनी भात कालवला. मग म्हणाले, "चाळीस वर्षं मी लोकांना सांगतोय, तुमचे पितर तृप्त झाले म्हणून. मला कधी कुणी विचारलंच नाही गं, गुरुजी, तुम्ही पाहिलं का."

"विचारलं असतं तर?"

"हो म्हणालो असतो." त्यांनी ताक ओतून घेतलं. "तू नाही म्हणालीस. मोबाईलवर पाहिलं मी ते. तीन वेळा पाहिलं."

तीन वेळा. म्हणजे केवढी लाज वाटली असेल.

ताट घासताना डोळ्यात पाणी आलं. साबण होता.

९ ऑक्टोबर

ईशान सरांना 'नाही' म्हणून कळवलं. का ते मलाही नीट सांगता येत नाही. फोन ठेवल्यावर भूक लागली.

१७ ऑक्टोबर

सामान जमवतेय. मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं. भट्ट्यांमध्ये ती ग्राफाइटची असते. ती चालणार नाही, कारण ग्राफाइट स्वतःच वीज वाहून नेतं. उद्या कुणी म्हणेल की दिवा मिठाने नाही, मुशीने लावला. आणि म्हणणारी कोण असेल ते मला माहीत आहे. म्हणून चिनी मातीची मूस आणली. गौरांगच्या छोट्या गॅसच्या शेगडीवर तापवायला ठेवली, तर तडा गेला. दुसरी आणली. हळूहळू तापवायची असते म्हणे. आठ वर्षांत मी फळ्यावर एकही मूस फोडली नव्हती.

गौरांग म्हणाला, "सोरा घे ना. पोटॅशियम नायट्रेट. तोही आयनिक, साडेतीनशेच्या आत वितळतो. घरी जमेल."

मी म्हटलं, "तिने मीठ विचारलं होतं."

यावर वाद घालेल असं वाटलं होतं. पण त्याने खिशातून मोबाईल काढला आणि म्हणाला, "अकोल्याला भाऊजींची ढाळकामाची भट्टी आहे, एमआयडीसीत. पितळेच्या तोट्या ओततात. रविवारी बंद असते. विचारू?"

भाऊजी म्हणजे रोहित, त्याच्या बहिणीचे यजमान. विचार म्हटलं. ईशान सरांना एवढं सगळं कळलं तरी आता काय होणार आहे.

१ नोव्हेंबर, अकोला

ट्रान्सफॉर्मर, दोन कार्बनच्या कांड्या, मोटरसायकलच्या इंडिकेटरचा दिवा, दोन मुशी आणि एक किलो मीठ घेऊन बडनेऱ्याहून गाडी धरली. अपेक्षा आणि तिच्या दोघी मैत्रिणी, चौथा मुलगा, गौरांग, मी. आणि बाबा. बाबांना कुणी बोलावलं नव्हतं. "रविवारी मला काही काम नाही," म्हणाले. दिवाळीच्या तोंडावर एका गुरुजीला काम नसतं, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. खुशालराव हिवरखेडहून परस्पर आले.

रोहित भाऊजींनी एका छोट्या भट्टीत विस्तव करून ठेवला होता. सगळ्यांना चष्मे दिले, जमिनीवर खडूने रेघ मारली आणि सांगितलं, हिच्या आत फक्त मी आणि मॅडम. खुशालरावांनी चष्मा डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्यावरूनच घातला. फाटकाची दोन्ही दारं सताड उघडी ठेवली होती. हे मी स्वतः दोनदा पाहिलं.

मीठ आधी तव्यावर तडतडवून घेतलं, म्हणजे उडणार नाही. मग मुशीत भरलं, कांड्या आत खोचल्या, तारा जोडल्या. दिवा लागला नाही. कोरड्या मिठात आयन असतात, पण जागच्या जागी खिळलेले. हे मी सांगितलं. आवाज थोडा वर गेला होता माझा.

मूस हळूहळू आगीत उतरवली. आम्ही वाट बघत राहिलो. मीठ करडं दिसायला लागलं, मग मुशीचा लाल रंग त्यात उतरला. दाणे एकमेकांना चिकटले. दिवा बंदच.

"काय होऊन राहिलं?" खुशालराव.

"तापून राहिलं," अपेक्षा म्हणाली.

थोड्या वेळाने खुशालरावांनी पुन्हा विचारलं. अपेक्षाने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं तेव्हा बाबा म्हणाले, "खुशालराव, होमाला बसलो की आम्ही बोलत नसतो." खुशालरावांनी चष्मा सारखा केला. मी मुशीत बघत होते. नाहीच वितळलं तर? आठ वर्षं. शेकडो मुलं. सगळ्यांच्या उत्तरपत्रिकांत ते वाक्य आहे, आणि त्याला गुण मीच दिलेत.

मग कडेने एक थेंब दिसला. थेंब नाही, चमक. मिठाचा ढीग मधून खचला, जसा पाणी घातल्यावर साखरेचा खचतो, आणि खाली काहीतरी हललं. वरचे दाणे त्यात बुडाले. आणि मग मुशीत मीठ नव्हतंच, पाणी होतं. इतकं स्वच्छ की त्यातून मुशीचा लाल तळ दिसत होता. वरून बारीक पांढरा धूर. ते मीठ आहे हे मला ठाऊक असूनही खरं वाटत नव्हतं.

कुणीतरी माझी बाही ओढली. अपेक्षा होती, रेघ ओलांडून आलेली. "मॅडम. दिवा."

दिवा लागला होता. आधी मंद, केशरी. मग पूर्ण.

मी एक भाषण तयार केलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. शिकवलं ते अपेक्षाने. मागे वळून वडिलांना म्हणाली, "बाबा, आता थे सोडियम आन् क्लोराइड मोकये झाले. जागा सोडून फिरून राहिले. म्हनून वीज जाऊन राहिली. थंड झालं का पुन्हा खिळतीन."

खुशालरावांनी चष्मा काढला, दिव्याकडे पाहिलं, मुशीकडे पाहिलं.

"म्हंजे पुस्तकात खरंच होतं," ते म्हणाले.

"हो."

"मंग एवढं अकोल्याले काहून आलो आपन?"

यावर सगळे हसले. ऑगस्टपासून पहिल्यांदा असं हसणं कानावर पडलं जे माझ्यावर नव्हतं. खुशालराव हसले नाहीत. ते रेघेपाशी येऊन वाकून बघत राहिले. रोहित भाऊजींनी मूस बाहेर काढून विटेवर ठेवली तेव्हाही तिथेच होते. वर दुधावर धरावी तशी पांढरी साय आली, दिवा मंद होत गेला आणि विझला. ते म्हणाले, "अजून एक डाव लावता काय? पार्वताबाईले फोनवर दाखवतो."

लावला. पार्वताबाई फोनवरून म्हणाल्या, "लागला वो माय. आता पोरीले जेवाले घाला."

१३ नोव्हेंबर

दिवाळी झाली. क्लास चालू आहे. अपेक्षा राहिली. खुशालरावांनी चकल्यांचा डबा पाठवला आणि निरोप, की गावातल्या अजून दोन पोरी येतील. मधल्या काळात पत्रक वाचून आणखी तिघं आले, सगळ्यांच्या घरी बाबांचं येणंजाणं आहे हा योगायोगच म्हणायचा. पत्रक बाबांनी कधी वाचलंही नसेल.

मुलांनी अकोल्याचा व्हिडिओ टाकला. मी तोंडघशी पडले तो व्हिडिओ जितक्यांनी पाहिला, त्याच्या पासंगालाही हा पुरत नाही. खाली एकाने लिहिलंय, 'विटेखाली वायर लपवली आहे.' एकाने विचारलंय, मीठ कोणत्या कंपनीचं. एका बाईंनी फक्त हात जोडले आहेत, कशासाठी ते कळलं नाही. ईशान सर अजून कन्यादानच शिकवतात, आणि त्यांच्या हॉलमध्ये बसायला जागा नसते.

परतीच्या गाडीतलं लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे टाळलं.

डब्यात मुली एकमेकींच्या अंगावर पडून झोपल्या होत्या. गौरांग माझ्या शेजारी, मांडीवर ट्रान्सफॉर्मर. मूर्तिजापूर गेल्यावर मी सरळ विचारलं, "ईशान सरांना आता काय सांगशील?"

"कशाबद्दल?"

"हेच. मीठ वितळलं म्हणून."

त्याने मांडीवरचा ट्रान्सफॉर्मर सारखा केला. "अबोली, मी दसऱ्यालाच सोडलं तिथलं. तुला दोनदा सांगितलं. एकदा तू मूस पुसत होतीस, एकदा गिला वडा खात होतीस."

मला खरंच आठवत नव्हतं. "मग सप्टेंबरपासून तू सारखा येत होतास ते?"

त्याने मान वळवली. खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर अंधार पडत होता आणि बघण्यासारखं काहीही नव्हतं. मग तोंड तिकडेच ठेवून म्हणाला, "तुझ्या क्लासला भौतिकशास्त्र नाहीये."

"हो."

"मला शिकवता येतं."

"माहीत आहे."

"तेवढंच नाही म्हणायचंय मला."

मी दोन महिन्यांचा हिशेब मनात पुन्हा मांडला. स्कूटी, ट्रान्सफॉर्मर, भाऊजी. आधी सगळ्यांना विचारलेलं बरं वाटतंय का, आणि मग मला. मी स्वतःला हुशार समजते. मुलांना सांगते, समोर जे घडतंय ते नीट बघा. मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिणार नाही, वहीला सगळंच कळायला हवं असं नाही. एवढं लिहिते की बडनेरा येईपर्यंत ट्रान्सफॉर्मर निम्मा माझ्या मांडीवर होता.

समोरच्या बाकावर बाबा उपरणं डोक्यावर घेऊन, डोळे मिटून बसले होते. पण झोपलेला माणूस एवढा हसत नाही.